पाचारण: प्रलंबित

रविवार, दोन जून. वेळ उपासनेनंतर, सव्वाबारा. स्थळ लातूर, चर्चच्या मागची शब्बाथ शाळेची खोली. हजर: पाळकसाहेब, मंडळीच्या पंचांपैकी दोघं, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलरसाहेब आणि सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, माझे मिस्टर, आणि मी. गैरहजर: तिसरे पंच, उदगीरला लग्नाला गेल्यामुळे. देव हजर होता का, हे इतिवृत्तात लिहायची पद्धत नाही. ‘प्रार्थनेने सभेस सुरुवात झाली’ असं लिहितात, बाकीचं ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

इतिवृत्त मी लिहीत होते, कारण गेली बरीच वर्षं मंडळीची सचिव मीच. त्या दिवशी अडचण एवढीच होती की सभेपुढचा विषयही अर्धा मीच होते.

विषय असा. किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पुढं, मुलींचं एक लहान वसतिगृह आहे. बावीस मुली, सगळ्या आसपासच्या तांड्यांवरच्या आणि वाड्यांवरच्या. ते चालवणारं म्हातारं जोडपं थकलं होतं. फेब्रुवारीत माझे मिस्टर एका मयतीला तिकडं गेले, परत येताना त्या वसतिगृहात चहाला थांबले, आणि लातूरला आले ते गप्पच. मिस्टर लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. बोलणं हा त्यांचा व्यवसाय. ते तीन दिवस गप्प राहिले तेव्हा मी ताप बघितला. ताप नव्हता. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, “मला वाटतंय, प्रभू तिकडं बोलवून राहिलाय.”

मी विचारलं, “किती तारखेपासून?”

आमच्यात याला पाचारण म्हणतात. देवाचं बोलावणं. कुणाला शेतात होतं, कुणाला आजारपणात. माझ्या मिस्टरांना ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, भोकर ते मुदखेड या टापूत, रेल्वेत खिडकीशी बसल्यावर झालं. मी त्यांच्यावर अविश्वास दाखवला नाही. मी फक्त कागद घेऊन मधे रेघ मारली. जाऊ नये याची कारणं सतरा निघाली. जावं याची दोन निघाली: एक, ते म्हणतात म्हणून, दोन, नाही म्हटलं तर ते म्हणतच राहतील म्हणून. सतरामध्ये पहिलं कारण माझी नोकरी होतं. मी एका कॉलेजात कार्यालय अधीक्षक होते आणि निवृत्तीला सहा वर्षं बाकी होती.

मंडळीचा नियम असा की सेवेला जायचं तर नवरा-बायको दोघांनी पंचांपुढं आपापल्या पाचारणाची साक्ष द्यायची. त्याचा एक छापील अर्ज आहे. त्यात नवऱ्याला अर्धं पान आहे आणि बायकोला दोन ओळी. तो अर्ज मीच टाइप केला होता, त्यामुळं जागेबद्दल तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

मिस्टरांनी साक्ष दिली. चांगली दिली, सिस्टरनी चष्मा पुसला. मग पाळकसाहेब माझ्याकडं वळले. “बाई, आता तुमचं.”

“मला काही झालेलं नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे पाचारण झालेलं नाही. मी फेब्रुवारीपासून वाट बघतेय. शास्त्रात झोपेत हाक आल्याचे दाखले आहेत. मी रोज साडेदहाला झोपते, त्यामुळं संधीच दिली नाही असंही नाही.”

कंट्रोलरसाहेब हसले. “अहो बाई, गाडी एकच हाय. डायवर निघाला की कंडक्टरनं निघायचंच असतंय.”

“कंडक्टरनं घंटी दिल्याबिगर गाडी हालत न्हाई, हे मी तुम्हाला सांगायचं का, साहेब?”

“अगं, दे की टाकून दोन ओळी,” मिस्टर हळूच म्हणाले. फिजिक्सच्या माणसानं असं म्हणावं याचं मला नवल वाटलं.

तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “न्हाई झालं तर न्हाई झालं. खोटी साक्ष लिहायला लावून राहिले का काय तुम्ही? दहा आज्ञा पाठ हायत ना सगळ्यांच्या?” मग माझ्याकडं बघून, “पण पोरी, न बोलावता बी माणूस जातंय की. मी नर्सिंगला गेले ते मला कुणी बोलावलं म्हणून न्हाई. घरात सहा बहिणी होत्या म्हणून.”

शेवटी ठरलं ते असं. मिस्टरांना सेवेवर पाठवावं. मी कॉलेजातून एक वर्षाची बिनपगारी रजा घ्यावी आणि सोबत जावं. वर्षाच्या आत माझं काय ते कळेल. मी लिहिलं: ‘सचिवांच्या पाचारणाचा विषय प्रलंबित ठेवण्यात आला व प्रार्थनेच्या वहीत घेण्यात आला.’ प्रार्थनेनं सभा संपली.

त्या वहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ तिच्यातून झाला.

मंडळीत दर रविवारी लोक प्रार्थना-विनंत्या देतात. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या जावयाचं पिणं. मी सचिव झाले तेव्हा या विनंत्या चिठ्ठ्यांवर यायच्या आणि हरवायच्या. मी वही केली. नाव, विनंती, तारीख आणि शेवटी उत्तर. पहिले तीन रकाने भराभर भरले. चौथा कोरा. लोक मागायला येतात, मिळाल्यावर सांगायला येत नाहीत. एका गृहस्थाच्या गुडघ्यासाठी आम्ही तीन वर्षं प्रार्थना केली आणि नाताळात तेच शिडीवर चढून चर्चच्या टोकाला चांदणी बांधताना दिसले. तेव्हा मी पंचांपुढं नियम मांडला: सहा महिन्यांत विनंती पुन्हा दिली गेली नाही, तर उत्तर मिळालं असं समजावं आणि ती उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, यादीत घ्यावी. पाळकसाहेब कुरकुरले. “देवाला असं मुदतीत बांधता येतं का?” मी म्हणाले, “देव मुदतीत करतो, साहेब. कळवण्यात माणसंच ढिली असतात.” नियम मंजूर झाला. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यांत उपयोगी काम म्हणून मी त्याच्याकडं बघायची.

वसतिगृहात आम्ही दहा जूनला पोचलो. मिस्टरांच्या डोक्यात शिकवणं होतं. माझ्या डोळ्यांना दिसलं ते असं: दोन न्हाण्या, बावीस मुली, एक हापसा, आणि सकाळी सातला शाळेची प्रार्थना. पहिल्या संध्याकाळी मी आंघोळीची पाळी लावली. दुसऱ्या दिवशी डोकी तपासली, मग उवांच्या औषधाचं वेळापत्रक. मग खरजेचं मलम: कुणाला, किती दिवस, चादर कधी उकळायची. आठवड्यात भिंत कागदांनी भरली. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, “बाई, पोरी कमी अन् कागद लई झाले.” पण तिसऱ्या आठवड्यात त्याच मला विचारायला लागल्या, “आज मंगळवार ना? मग मलम कुणाचं?”

इकडं मिस्टरांचं बिनसत चाललं होतं. लातुरात त्यांच्यापुढं दीडशे मुलं वहीत मान घालून बसायची. इथं आठवीची मुलगी गुणाकाराला अडत होती आणि तिला घरची बोली सोडून मराठीत प्रश्न विचारायचीच लाज वाटत होती. त्यांनी गुरुत्वाकर्षण शिकवलं. मुलींनी ऐकून घेतलं, जसं पाहुण्याचं ऐकतात. सप्टेंबरात त्यांना मलेरिया झाला. ताप उतरला, पण ते पूर्वीचे झाले नाहीत. एका दुपारी ओसरीवर बसून मी गोळ्यांची पाकिटं मोजत होते, तेव्हा म्हणाले, “ते माझ्या मनाचंच असलं तर?”

“काय?”

“बोलावणं. गाडीतलं. म्हणजे उन्हात बसून आलो होतो, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.”

मी मोजणी सोडली नाही. सोडली असती तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं असतं. “आता वाटून राहिलंय असं?”

“जूनपासूनच. तुला बोललो नाही.” मग म्हणाले, “तुझं बरं आहे. तुला बोलावलंच नाही, म्हणून तुला शंका यायचा प्रश्न नाही.”

सतरा कारणं सोडून मी ज्या एका कारणासाठी इथवर आले होते, ते कारणच ओसरीवर पाय हलवत बसलं होतं. राग आला. पण पाच वाजता हापशाची पाळी होती, आणि त्या पाळीला मी उभी नसले की मोठ्या मुली लहानींना मागं ढकलायच्या. मी उठले. हे मात्र लिहायला हवं की दुसऱ्या दिवशी साडेपाचला मिस्टर उठले आणि त्यांनी प्रार्थना घेतली, ज्या मुलींना यायचं होतं त्यांच्यासाठी. तिसऱ्या दिवशीही घेतली. विश्वास नसताना रोज वेळेवर उठणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. विश्वास असणारे पुष्कळ पाहिलेत. ते साडेसातला येतात.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. दर बुधवारी तिथं लातूरचे फोन यायचे, कारण बुधवारी तिथल्या बायकांची उपास-प्रार्थना असते आणि वहीत माझं नाव होतं. लेकीचं लग्न जमलं का विचारावं तसं विचारायच्या, “झालं का, बाई?” मी म्हणायची, “अजून नाही.” “होईल, होईल. आम्ही प्रार्थनेत धरून हाव.” नोव्हेंबरात पायऱ्यांवर मधमाश्यांचं पोळं बसलं, फोन बंद झाले, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टपालानं पाकीट आलं. आत लातूरच्या मंडळीचं पत्र. वर्षाच्या शेवटच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना झाली, तीत बहिणीचं पाचारण स्पष्ट झाल्याबद्दल मंडळीनं उभं राहून देवाचे आभार मानले. आता पंच दोघांची नेमणूक कायम करत आहेत. तरी बहिणीनं आपल्या नोकरीचा राजीनामा देऊन त्याची प्रत पाठवावी. खाली नव्या सचिवांची सही. हे नवे सचिव औषधांच्या दुकानात बसतात, मुदत संपलेल्या बाटल्या काढून टाकायची त्यांना सवय. दोन जूनची विनंती. डिसेंबरात सहा महिने पूर्ण. पुन्हा कुणी लेखी दिलेली नाही. त्यांनी माझ्या नियमाप्रमाणं मला एका यादीतून दुसऱ्या यादीत घेतलं होतं.

मी पत्र मिस्टरांना दाखवलं. ते कितीतरी दिवसांनी हसले, पार खोकला येईपर्यंत. “म्हणजे आता आपल्यात तूच एक बोलावलेली.”

“चूक झालीय ती. दुरुस्ती पाठवते.”

“पाठव ना. काय लिहिशील?”

मी कागद घेतला. ‘सदर नोंद अनवधानाने’ इतकं लिहिलं. पुढं काय? ‘मला पाचारण झालेलं नाही’ हे खरं होतं. पण त्यापुढचं वाक्य आपोआप ‘म्हणून आम्ही मे महिन्यात परत येऊ’ असं व्हायचं, आणि आम्ही परत गेलो की वसतिगृह बंद होणार हे पंचांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. उलट, नोंद तशीच राहू दिली तर माझी नोकरी जाणार होती एका खोट्या ओळीवर, आणि ज्या माणसापायी आले त्याला स्वतःलाच आता खात्री नव्हती. दुरुस्ती तोंडी करावी असं मी ठरवलं. संक्रांतीला मुली घरी जाणार होत्या. तेवढ्यात लातूरला जाऊन यायचं.

निघताना मिस्टरांच्या हातात यादी दिली: मुली परतल्या की हजेरी, डोकी, गोळ्या. सकाळच्या गाडीनं नांदेड. तिथं बस सुटायला दीड तास होता आणि पिशवीत मुलींची मापं होती, म्हणून मी गणवेश शिवणाऱ्या चाचांच्या दुकानात गेले. त्यांचे वडील, आजोबाही शाळांचेच कपडे शिवायचे. मी कागद पुढं ठेवला: बावीस नावं, उंची, छाती, बाही, आणि जूनपर्यंत वाढतील म्हणून दोन-दोन इंच सोडून.

चाचांनी चष्मा लावला. “बाई, अशी साफ यादी तर मोठ्या शाळावाले बी देत न्हाईत. ही सातवी नंबरची लई वाढून राहिली का?”

“चार बोटं वाढली दिवाळीपासून. तिला तीन इंच सोडा.”

“सोडतो. पण एक सांगा. मागच्या साली ऑर्डर देऊन गेले ते तुमच्या आधीचे बुजुर्ग, अन् न्यायला आलात तुम्ही, अन् बाह्यांवरून माझ्याशी भांडलात. यंदा बी तसंच का? जूनला न्यायला कोण येणार? आत्ताच सांगा, म्हणजे त्याच्याशीच बोलून घेतो.”

“मीच येणार,” मी म्हणाले. “आणि बाह्या लांबच पाहिजेत. डास आहेत.”

रस्त्यावर आल्यावर मी उभी राहिले. मी निघाले होते मला बोलावलेलं नाही हे सांगायला, आणि वाटेत जूनची ऑर्डर देऊन आले होते. कुठलाही आवाज झाला नव्हता. रिक्षांचा झाला होता, पण त्यात वेगळं काही नव्हतं. लोहा येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत वाट पाहिली, अहमदपूरपर्यंतही पाहिली, की आता काहीतरी वाटेल. वाटलं ते एवढंच की सातव्या नंबरच्या मुलीला चपलाही लहान होत असणार आणि हे माझ्या यादीतून राहून गेलं.

लातूरच्या सभेत पुन्हा तेच लोक होते. नवे सचिव वही घेऊन बसले होते. मी उभी राहून सांगितलं की नोंद चुकीची आहे, नियम माझा आहे, आणि त्यात देवाच्या वतीनं सही करायची सोय ठेवली ही माझी चूक आहे. नवे सचिव गोंधळले. “मग मॅडम, परत विनंतीत घेऊ?”

“आभार तर मानून झाले,” पाळकसाहेब म्हणाले. “सगळी मंडळी उभी होती. आता ते परत कसे घ्यायचे?”

कंट्रोलरसाहेब म्हणाले, “पण बाई, मुद्द्याचं बोला. मेनंतर राहणार का येणार?”

“राहणार.”

“कशावरून?”

“जूनचे कपडे शिवायला टाकलेत.”

सिस्टरनी खाली बघून पदर सारखा केला. मला वाटतं त्या हसत होत्या. पाळकसाहेबांनी विचारलं, “याला पाचारण म्हणायचं का, बाई?”

“मला माहीत नाही, साहेब. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही ठरवा. मला शंका आहे, आणि घरी आमच्या मिस्टरांना माझ्याहून जास्त आहे. तरी आम्ही दोघं रोज साडेपाचला उठतो. देवानं कुणाला तरी उठवायचंच ठरवलं असेल, तर आम्ही जागे असतो एवढं मी लिहून देते.”

नोंद ‘प्रलंबित’ म्हणूनच ठेवली. सहा महिन्यांचा नियम त्याच सभेत रद्द केला, मी मांडला आणि मीच अनुमोदन मागितलं. गुडघ्याच्या गृहस्थांची पुन्हा सोय झाली.

सोमवारी कॉलेजात राजीनामा दिला. प्राचार्यांनी कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. पाचारण लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. इतर कुठलंही कारण पुरलं नसतं. मी ‘वैयक्तिक’ लिहिलं. माझ्या कपाटाची किल्ली कनिष्ठ लिपिक बाईंना देताना मात्र हात थोडा थांबला. त्या कपाटातल्या फायली मी रंगांप्रमाणं लावल्या होत्या, आणि त्या बाई सगळं एकाच रंगात लावणार हे मला माहीत होतं.

मंगळवारी संध्याकाळी वसतिगृहात पोचले. मिस्टर फाटकाशी उभे होते. पिशवी घेतली, आणि पहिलं वाक्य “देऊन आलीस?” असं नव्हतं. “एकवीस आल्या,” ते म्हणाले.

न आलेली मुलगी सहावीतली. आई-बाप ऊसतोडीला जाणार होते ते फक्त आई गेली. घरी दोन वर्षांचा भाऊ, बाप दिवसभर मजुरीवर, आणि भावाला सांभाळायला दुसरं कुणी नाही. मिस्टर स्वतः पायी तांड्यावर जाऊन आले होते, दोनदा. कागदावर त्यांनी तारखा लिहून ठेवल्या होत्या, माझ्यापेक्षा नीट.

“बाप काय म्हणतो?”

“पहिल्यांदा म्हणाला, उद्या पाठवतो. दुसऱ्यांदा म्हणाला, बाई येऊ द्या, मग बघू.”

“मी काय वेगळं सांगणार आहे त्याला?”

“ते मला काय माहीत,” मिस्टर म्हणाले. “तू आल्यावर जाऊ म्हणून थांबलोय.”

लहान भावालाही दिवसा इथंच ठेवता येईल का, हे स्वयंपाकाच्या मावशींना विचारायचं आहे. अंगणवाडी सेविकेला विचारायचं आहे. जीपवाल्याला सांगायचं आहे. तांड्याच्या चढावर माझे गुडघे चालत नाहीत. गुरुवार ठरवला होता, पण जीप मिळाली नाही. आज शनिवार. हजेरीच्या कागदावर तिच्या नावापुढची जागा मी अजून भरलेली नाही, आणि तांड्यावर जायचं राहिलं आहे.